वाढत्या अंगाचं

आमच्या घराण्यात मापाचे कपडे घालायची पद्धत नाही. जून उजाडायच्या सुमारास वडील आम्हां तिघा भावंडांना घेऊन सांगलीच्या गणपती पेठेतल्या शिंप्याकडे जात. शिंपी गळ्यातली टेप काढून माझ्या कमरेभोवती गुंडाळी, आकडा पुकारी आणि तो आकडा वहीत उतरायच्या आत वडील म्हणत, "वाढत्या अंगाचं ठेवा हं!" शिंपी मान डोलावून भलताच आकडा लिही. त्या आकड्याचा नि माझा काही संबंध नसे. तो माझ्या भवितव्याचा आकडा असे. पहिलं वर्ष ती चड्डी मी एका हाताने धरून शाळेत जाई. दुसऱ्या वर्षी पट्ट्यावर भागे. तिसऱ्या वर्षी ती नेमकी मापात बसे आणि त्याच वर्षी मागून विरे. बुटांचंही तेच. पुढे बोटांपाशी कापूस कोंबून बूट मापात आणले जात. सातवीपर्यंत मी बुटांपेक्षा कापसातच जास्त चाललो असेन.

हे संस्कार बरोबर घेऊनच मी १९९९ साली कॅनडात आलो. टोरोंटोशेजारच्या मिसिसागात बिऱ्हाड केलं. पहिल्या हिवाळ्यात घेतलेला जाडजूड कोट मी अजून वापरतो. तोही वाढत्या अंगाचाच घेतला होता, आणि पुढे अंगाने शब्द पाळला.

इथवर सगळं ठीक होतं. मग २०१७ साली आमची कन्या, वय वर्षं आठ, आइस हॉकी खेळायला जाऊ लागली. शेजारपाजारची सगळी पोरं जातात म्हणून ही गेली. त्या वयात पोरांना आळीपाळीने गोलकीपर करतात. इथे त्याला 'गोली' म्हणतात. गोलीचं सामान क्लबचं. ज्याची पाळी त्याने ते चढवायचं, खेळ संपला की परत करायचं. ही व्यवस्था मला एकदम घरची वाटली. आमच्या गल्लीतल्या क्रिकेट टीमकडे पॅडची एकच जोडी होती. दोन बॅट्समन, दोन पॅड, प्रत्येकाच्या डाव्या पायाला एकेक. उजव्या पायाचं रक्षण परमेश्वर करी.

पण आमच्या कन्येची पाळी संपली तरी ती काही पॅड सोडेना. पुढच्या शनिवारी तीच, त्यापुढच्याही शनिवारी तीच. दुसऱ्या कुणाला गोली व्हायचंच नव्हतं, त्यामुळे भांडणही झालं नाही. आमच्या सौ.चा जीव मात्र तुटत होता. "अहो, सगळी पोरं कशी छान पळताहेत, आपलीच तेवढी दारात उभी!"

दारात म्हणजे सहा फूट रुंद नि चार फूट उंच अशा जाळीच्या चौकटीत. आणि तिच्या रोखाने येतो तो पक. ही कडक रबराची चकती असते, तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची. वजन सुमारे १६० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ आपल्या क्रिकेटच्या चेंडूएवढं. शिवाय ती बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. आम्ही फ्रीजरमध्ये मटार ठेवतो, ही माणसं रबर ठेवतात. शहाण्या माणसाने ज्या वस्तूच्या वाटेतून बाजूला व्हावं तिच्या आडवं जाऊन उभं राहणं, हाच या खेळातल्या गोलीचा धंदा.

साहजिकच त्याला चिलखत लागतं. पायांना उशीएवढाले पॅड, छाती-खांदे-दंड झाकणारं कवच, एका हातात पक झेलायचा मोठा पंजा, दुसऱ्या हाताला ढालीसारखी फळी, जाड चड्डी, गळपट्टा, जाळीचा मुखवटा, वेगळ्या घडणीचे स्केट आणि खाली रुंद होत गेलेली काठी. हे सगळं चढवायला वीस मिनिटं लागतात आणि उतरवल्यावर त्याला जो वास येतो त्याचं वर्णन मराठीत अजून झालेलं नाही. आमच्या तळघरात ते वाळत टाकलेलं असे. सौ.ने एकदा तिथे हिंगाचा डबा उघडा करून पाहिला. हिंग हरला.

किंमत मी पहिल्यांदा दुकानात वाचली तेव्हा मला वाटलं, दशांशचिन्ह पुसलं गेलंय. मोठ्या मापाच्या वरच्या दर्जाच्या नुसत्या पॅडची जोडी दोन हजार डॉलरच्या पुढे. नखशिखान्त सगळं वरच्या दर्जाचं घ्यायचं म्हटलं तर पाच हजार सहज ओलांडले जातात. परदेशी राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात एक गुणाकाराचं यंत्र कायम चालू असतं. पाच हजार गुणिले साठ. मी दुकानातल्या बाकावर बसलो.

आणि बसल्या बसल्या मला वडील आठवले. उपाय स्वच्छ होता. पोर अकरा वर्षांची होत आली होती. आत्ताच एकदा मोठ्या माणसाच्या मापाचे, उत्तमातले उत्तम पॅड घेऊन टाकायचे. पुढे कापूस घालायचा. पंधरा वर्षं बघायला नको!

दुकानातल्या पोराला मी हे माझ्या इंग्रजीत समजावलं. "वाढत्या अंगाचं" याला इंग्रजीत शब्द नाही, त्यामुळे हातवारेही केले. तो पोरगा सभ्य होता. त्याने कन्येला बाकावर बसवून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि मला समजावलं, की गोली हल्ली उभ्याने कमी, गुडघ्यावर बसूनच जास्त अडवतात. दोन्ही गुडघे बर्फावर टेकायचे आणि पाय दोन्ही बाजूंना पसरायचे, म्हणजे पॅडची भिंत होते. याला 'बटरफ्लाय' म्हणतात. फुलपाखरू! त्यासाठी पॅडच्या आतल्या बाजूला गुडघा टेकायची एक गादी असते आणि गुडघा नेमका तिच्यावरच उतरावा लागतो. पॅड लांब झाला तर गुडघा गादी चुकवतो, पॅड वळत नाही, पोरीला पटकन उठता येत नाही आणि गुडघा दुखावतो तो वेगळाच. इंचभर जास्त चालेल, म्हणाला. पाच इंच नाही.

"कापूस?" मी शेवटचा प्रयत्न केला. त्याला तो विनोद वाटला.

त्या रात्री मी काटकसरीला ऐतिहासिक आधार शोधत बसलो, आणि आधार मिळालाही! १८९६ साली विनिपेगच्या एका गोलीने स्टॅन्ली कपच्या सामन्यात पायांना चक्क क्रिकेटचे पॅड बांधले होते. पुढे बरीच वर्षं गोली क्रिकेटचेच पॅड वापरत. मग १९२०च्या दशकात आमच्या इथून तासाभराच्या अंतरावरच्या हॅमिल्टनमध्ये एमिल केनेस्की नावाच्या गृहस्थाने ते रुंद करून नवे पॅड शिवले. हे केनेस्की मूळचे घोड्यांचे साज बनवणारे. पॅड चामड्याचे, आत हरणाचे केस भरलेले. बर्फाचं पाणी पिऊन ते सामना संपेपर्यंत जड होत जात. आज गोलीचं सामान विकणारी सीसीएम ही बडी कंपनी १८९९ साली निघाली ती सायकली बनवायला. या साऱ्यावरून मी असा निष्कर्ष काढला, की मुळात हे सगळं क्रिकेटच्या एका जोडीत भागत होतं.

मुखवट्याची गोष्ट तर मी कन्येला इतक्यांदा सांगितली, की ती मला मध्येच थांबवून पुढचं म्हणून दाखवी. माँट्रियलचा जाक प्लांट हा गोली सरावाला मुखवटा घाली, पण सामन्यात घालायला त्याच्या कोचची, टो ब्लेकची, परवानगी नव्हती. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कला अँडी बॅथगेटचा शॉट त्याच्या तोंडावर बसला. टाके घातले. टाके घालून झाल्यावर प्लांट म्हणाला, मुखवटा असेल तर बर्फावर येतो, नाहीतर नाही. त्या काळी टीमबरोबर दुसरा गोली ठेवत नसत, त्यामुळे कोचचा निरुपाय झाला. प्लांट मुखवटा घालून खेळला आणि सामना जिंकला.

"म्हणजे बाबा," कन्या एकदा म्हणाली, "कोचला वाटायचं की अजून असंच चालेल."

"हो ना, काय पण माणूस!" मी म्हणालो. किती सहज म्हणालो!

रिंकवर पहाटे सहाला कागदी पेल्यातली कॉफी फुंकत उभ्या असलेल्या बापांमध्ये या प्रश्नावर दोन पंथ होते. एक म्हणे, पोराची वाढ थांबेपर्यंत दमडी खर्चू नका. दुसरा म्हणे, आत्ताच सगळ्यात महागातलं घ्या, सामान उत्तम असलं की पोराचा आत्मविश्वास वाढतो. या दुसऱ्या पंथातल्या एका बापाने मुलीसाठी खास पॅड करवून घेतले होते, तिच्या आवडत्या रंगांत, वर नाव विणून. ऑर्डर देऊन वाट पाहण्यात काही आठवडे गेले. पॅड आले, आणि त्याच महिन्यात मुलीला साक्षात्कार झाला की आपल्याला खरं म्हणजे गिटार वाजवायची आहे. पॅड गॅरेजमध्ये उभे आहेत. नाव विणलेलं असल्यामुळे गिऱ्हाईक मिळत नाही. ही हकिगत ऐकल्यावर मी पहिल्या पंथाची दीक्षा घेतली.

मग सुरू झाला आमचा सेकंडहँडचा संसार. यात मी वाकबगार होतो. कॉलेजला पुण्यात असताना दर जूनला अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीत पुस्तकं घ्यायची नि वर्षअखेर तिथेच विकायची, हे मी चार वर्षं केलेलं. पॅडचंही तसंच. कुणाची तरी वाढलेली पोर, तिचे आखूड झालेले पॅड. आम्ही घ्यायचे, वर्षभर वापरायचे, पुढच्या पोरीला द्यायचे. एकदाच फसलो. २०२०च्या फेब्रुवारीत फार झोकात सौदा करून पॅड आणले आणि मार्चमध्ये करोनाने रिंकना कुलपं लावली. पुढे दीड वर्षं कधी उघड, कधी बंद. पॅड कोपऱ्यात कोरे राहिले आणि पोर घरात बसून पोळ्या खात तीन इंच वाढली. शेवटी सगळं सुरळीत झालं तेव्हा ते पॅड तिच्या गुडघ्याच्या खूप खाली होते. मापात बसण्याआधीच आखूड झालेली, आमच्या घराण्यातली ही पहिलीच वस्तू.

पण या सगळ्या हिशेबात एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. पॅड दिसतात. ते आखूड झाले की चारचौघांत दिसतं, कोच बोलतो. छातीचं कवच जर्सीच्या आत असतं. तिथे कुणी पाहत नाही. ते एकदा चांगलंसं, इंचभर वाढत्या अंगाचं घेतलेलं, आणि दर वर्षी मी विचारायचो, "काय गं, अजून एक वर्ष चालेल ना?" ती म्हणायची, "चालेल की." आज्ञाधारक मुलगी म्हणून मला धन्यता वाटायची.

२०२३च्या संक्रांतीची गोष्ट. मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. कन्या तेरा वर्षांची, पहिल्यांदाच साडी नेसायला तयार झालेली. काळी साडी सौ.ची, ब्लाउज मात्र शेजारणीच्या मुलीकडून मागून आणलेला, लांब बाह्यांचा. तिला लांब बाह्यांचाच हवा होता. नेसवताना सौ.ने बाही जरा सारखी केली, नि मला हाक मारली. ती हाक नेहमीची नव्हती.

डाव्या दंडावर नि गळ्याच्या हाडाखाली, जिथे जुनं कवच आता पोहोचत नव्हतं, तिथे डाग होते. काही जांभळे, काही हिरवट, एक पिवळा पडत चाललेला. म्हणजे एका दिवसाचे नव्हते. टीम मोठ्या मुलींची झाली होती. समोरच्या मुलींचे खांदे भरले होते आणि शॉट आता आठ वर्षांच्या पोरांचे राहिले नव्हते.

"सांगितलं का नाहीस?" सौ. म्हणाली.

"बाबांना नको ना सांगूस," कन्या आईला म्हणाली. मी दारातच उभा होतो. "ते म्हणतील, मागच्याच्या मागच्या वर्षी तर घेतलं. अजून एक वर्ष चालेल."

आवाजसुद्धा माझाच काढला होता तिने. हुबेहूब.

हळदीकुंकवाला मायलेकी गेल्या. मी गेलो नाही. तसंही पुरुषांना तिथे काम नसतं. मी तळघरात जाऊन ते कवच हातात घेऊन बसलो. वास येत होता. बराच वेळ बसलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी आम्ही बाहेर उभे होतो. शहाणा माणूस हे सामान वसंत-उन्हाळ्यात घेतो. नवं मॉडेल आलं की गेल्या वर्षीचं तेच सामान उतरत्या भावात मिळतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. जानेवारी म्हणजे हंगामाचा भर, सगळं पुऱ्या भावात. घेतलं. मापाचं घेतलं. मुखवटाही तपासून घेतला, त्यावरचा कॅनडाच्या प्रमाणसंस्थेचा शिक्का पाहून. गुणाकार मी गाडीत बसल्यावर केला, पण मोठ्याने नाही.

नंतर कोचना विचारलं, तर त्यांनी जो क्रम सांगितला तो माझ्या बरोब्बर उलटा निघाला. आधी जे अंगाला लागतं ते: मुखवटा, छाती, गळा. मग स्केट. पॅड सगळ्यात शेवटी, वाढ थांबल्यावर. चार वर्षं मी दिसेल ते बदलत होतो नि झाकलेलं तसंच ठेवत होतो. आमच्याकडे लग्नघरात बाहेरच्या खोलीलाच रंग देतात, तसं.

आता राहिले पॅड. वाढ थांबली हे ओळखायचं कसं? आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलीने एक रेघ मारायचा रिवाज आहे. २०२४च्या वाढदिवसाला, ती पंधराची झाली तेव्हा, मी पट्टी डोक्यावर धरून रेघ मारली आणि ती आदल्या वर्षीच्या रेघेवरच बसली. पुन्हा मारली. पुन्हा तिथेच. पाच फूट चार इंच. मी आनंदाने ओरडलोच.

"पोरीची उंची खुंटली म्हणून नाचणारा हा पहिला बाप असेल!" सौ. म्हणाली. "नीट बोला हो, दृष्ट लागेल."

तरी मी दोन महिने थांबलो. नवी मॉडेलं आली, जुन्यांचा भाव उतरला, आणि आम्ही तिघं त्याच दुकानात गेलो. तो पोरगाही तिथेच होता, आता दाढी वाढवलेला. त्याने कन्येला बाकावर बसवून माप घेतलं. पॅड अगदी वरच्या दर्जाचे, पांढरेशुभ्र. बर्फ पांढरा, पॅड पांढरे, म्हणजे समोरच्याला पॅड कुठे संपतो नि गोल कुठे सुरू होतो ते चटकन कळत नाही, असं गोली मंडळी मानतात. दुकानाच्या कोपऱ्यात घसरता येईल असा प्लॅस्टिकचा चौथरा होता. तिथे तिने ते चढवले, उभी राहिली आणि धप्प करून गुडघ्यावर आली. फुलपाखरू. गुडघे गादीवर, पाय दोन्ही बाजूंना, मध्ये फट नाही. आणि तशीच, हात न टेकता, उठली. जुन्या पॅडमध्ये ती उठताना दर वेळी जरा अडखळत असे. मला वाटे, तिची पद्धतच तशी आहे.

मी कार्ड काढलं, आणि तोंडातून गेलंच, "काय रे, इंचभर मोठे नसतील? म्हणजे वाढत्या..."

"बाबा," ती म्हणाली, "माझं वाढून झालंय."

सौ. दुसरीकडे बघू लागली. मी सही केली. या वेळी गुणाकार करायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

त्या वर्षी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. ऑक्टोबरात खंडेनवमी आली. शस्त्रांची पूजा करायची, तर घरात शस्त्रं कुठली? आईने पाटावर विळी मांडली, माझा स्क्रू ड्रायव्हर मांडला, लॅपटॉप मांडला, आणि मग नातीला म्हणाली, "तुझं ते काय ते, तेपण आण गं." कन्येने पॅड आणून भिंतीला टेकवून उभे केले. मी अंघोळीहून येईपर्यंत परसातली झेंडूची फुलं वाहून झाली होती, आणि आई ओल्या बोटाने त्या पांढऱ्याशुभ्र पॅडवर हळदीकुंकू लावत होती. ठसठशीत. दोन्हींवर.

"अगं आई! दोन हजार डॉलर!" मी ओलं फडकं घेऊन धावलो. कन्येने मध्येच माझा हात धरला. गोली तो, हात कसला चुकतोय!

आईने चष्म्यातून पॅड वरपासून खालपर्यंत न्याहाळले, मग नातीला न्याहाळलं. मला म्हणाली, "चांगले आहेत रे. पण जरा मोठे घ्यायचे. वाढत्या अंगाचे."

हळद गेली, पण कुंकू काही जाईना. पुढच्या सामन्याला कठड्यावरून पाहिलं, तर पकच्या काळ्या ओरखड्यांत दोन लाल ठिपके लांबूनही दिसत होते. समोरच्या टीमचा एक बाप बराच वेळ टक लावून पाहत होता. त्याचीही मुलगी गोली, पॅड घ्यायला झालेली. मध्यंतरात तो कॉफीचा पेला घेऊन माझ्याजवळ आला आणि जरा दबकतच म्हणाला, असा शिक्का आपण कुठे पाहिला नाही, कुठल्या कंपनीचे पॅड हे?

"सांगलीचे," मी म्हणालो. "खास करवून घेतलेत."